न दिलेली दोन मतं

आल्डरक्लफ,
शनिवार, ३१ मार्च १९७९

प्रिय हिल्डा,

आज पहाटेपासून कानात पत्र्याची झाकणं वाजताहेत. आजची नव्हेत, आपल्या लहानपणची. मतदानाच्या दिवशी शाळेला सुट्टी असायची, कारण मतपेट्याच शाळेत मांडलेल्या असायच्या, आणि आपली सगळी गल्ली कचऱ्याच्या डब्यांची झाकणं बडवत चढावरून खाली निघायची. गिरणीच्या खिडक्यांतून बायका वाकून बघायच्या. तू, माझी धाकटी बहीण, सगळ्यांत लहान, आणि आवाज मात्र तुझाच सगळ्यांत मोठा :

मत द्या, मत द्या लाल फितीला,
निळ्याला टेकवा भिंतीला!

चाळीस वर्षं मी मुलांकडून एकाहून एक सुंदर कविता पाठ करून घेतल्या. फुलांच्या, ढगांच्या, बुडालेल्या जहाजांच्या. पण मला कुणी गाढ झोपेतून उठवून 'मास्तर, म्हणा एखादी' म्हटलं, तर तोंडातून आधी हीच निघेल. मास्तराला हे शोभत नाही, पण खरं आहे.

तर, सरकार पडलं. एका मतानं! बुधवारी मी रेडिओला कान लावून बसलो होतो. आपला एक म्हातारा खासदार फार आजारी होता, त्याला त्या अवस्थेत लंडनला न्यायला कुणाचं मन धजेना, आणि तेवढ्या एका रिकाम्या जागेनं सगळं कोसळलं. आता तीन मेला निवडणूक. पक्षाच्या कमिटीनं मला प्रचाराला मॉसरिगच दिलं आहे. पत्रकांची पिशवी काढली, तिची शिवण घातली, बूट मोच्याकडे टाकले. टेकडीवर टिटव्या आल्या असतील ना? चढ चढताना त्या डोक्यावर ओरडत फिरतात, तेव्हा मला अजून वाटतं की मी तिशीतला आहे आणि पुढच्या वळणावर तुझा नवरा, आपला जो, विडी पेटवून माझी वाट बघत उभा आहे.

जोला मातीत ठेवून आल्यापासून तुझं पत्र नाही. मी दोन लिहिली, पोचली असतील. मन लागत नसेल, समजू शकतो.

सोबत खिडकीत लावायचा फलक पाठवतो आहे. विचारायचं कारण नाही म्हणा. पंचेचाळीस सालापासून त्या खिडकीत दुसरं काही लागलेलं नाही. मॉसरिगची घरं मोजायला बसलो, तेव्हा तुझं घर मी दार न वाजवताच मजूर पक्षाच्या बाजूला धरून टाकलं.

तुझा,
ॲम्ब्रोज

*

मॉसरिग,
५ एप्रिल

ॲम्ब्रोज,

फलक परत पाठवते आहे. घडी मोडलेली नाही, दुसऱ्या कुणाला होईल.

'विचारायचं कारण नाही.' हे वाक्य मी चुलीपाशी उभी राहून तीनदा वाचलं. तुमच्या पक्षाच्या कबरीवर हेच कोरा. म्हणजे, कबर खणायला कुणी मिळालं तर.

दोन्ही पत्रं पोचली होती. उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पोस्टमननं नेलं नसतं.

तू विसरला असशील म्हणून सांगते. माझा जो जानेवारीत गेला आणि त्याच आठवड्यात त्याला पुरायचं ठरलं. मी येणाऱ्या माणसांसाठी हॅम आणला, पाव आणले, शेजारणीकडून कप आणले. आणि निरोप आला की कबरीचे खड्डे खणणारे संपावर आहेत. मग माझ्या नवऱ्याला कुठल्याशा बंद कारखान्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं, नंबर लावून, इतरांच्या रांगेत. तो हॅम फुकट गेला. पंधरवड्यानं पुन्हा आणला. खाटकानं विचारलं, "परत कुणी गेलं का, मिसेस रॅम्सडेन?" मी म्हटलं, "नाही, तोच."

तेव्हा तू आलास. अंगावरचं बर्फ झाडलंस, हॅट गुडघ्यावर ठेवलीस, आणि म्हणालास, "त्या लोकांचे पगार बघ, हिल्डा. त्यांनाही पोरंबाळं आहेत. जरा धीर धर." जो जिवंत असता तर तोही हेच म्हणाला असता, मला पक्कं ठाऊक आहे. पण तो जिवंत नव्हता रे. तोच तर सगळा प्रश्न होता.

त्याच महिन्यात आपले पंतप्रधान कुठल्या उन्हाच्या बेटावरची बैठक आटपून परतले आणि विमानतळावर म्हणाले की, बाहेरच्या जगाला इथे काही गोंधळ माजल्यासारखं वाटत नाही. त्यांना म्हणावं, बाहेरच्या जगानं माझ्याकडे चहाला यावं.

तेव्हा ऐक. तीन मेला मी निळ्यांच्या, हुजूर पक्षाच्या बाईंना मत देणार. मिसेस फर्नली गाडी पाठवणार आहेत. हो, त्याच, मोठ्या घरातल्या, घोड्यासारखे दात असलेल्या. जानेवारीत माझ्या दारात थर्मास घेऊन आलेली ती एकटी बाई. तुमच्यापैकी आलास तो एकटा तू, तोही धीर धरायला सांगायला. दुसरं काही सांगायला कुणी नाही.

हिल्डा

*

आल्डरक्लफ,
९ एप्रिल

हिल्डे,

तुझं पत्र मी उद्यानातल्या बाकावर बसून वाचलं. घरी वाचवेना.

मी उत्तरात काय लिहू? मजुरांच्या बाजूनं बोललो हे चूक होतं, असं अजूनही माझ्या तोंडून निघणार नाही. चूक जागेची होती. पाठ म्हणायला उभं राहिलेलं पोर बरोबर कविता भलत्याच तासाला म्हणतं, तसं झालं.

तुला वाटत असेल, मी पिशवी खांद्याला लावून आनंदात फिरतोय. ऐक तर. शनिवारी इथल्या मिल स्ट्रीटला मदतीला गेलो होतो. पहिलं दार अर्नशॉचं. माझा विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. म्हणाला, "मास्तर, तुम्ही आम्हांला खरं बोलायला शिकवलंत, म्हणून सांगतो. यंदा नाही." मी म्हटलं, "का रे बाबा?" तर म्हणतो, "तुम्ही आत या, चहा घ्या, पण तेवढी फीत बाहेर काढून ठेवा. बायको भांडी फेकते." पुढच्या दारात एका म्हातारीनं विचारलं, "संप मिटला का?" मी म्हटलं, "केव्हाच मिटला, आजी." "मग आमच्या गल्लीतला कचरा कुणाला आवडतो म्हणून ठेवलाय?" तिसऱ्या दारात नुसतं कुत्रं होतं. तेवढंच काय ते सौजन्यानं वागलं.

लोक चिडलेत, हिल्डा, आणि मला त्यांचा राग यायला हवा तर येत नाही. प्रत्येक दारात तुझाच चेहरा दिसतो.

पंचेचाळीसच्या निवडणुकीची सकाळ आठवते? जोनं कोळशाची गाडी धुऊन काढली होती आणि तीत खुर्च्या मांडून म्हाताऱ्या बायकांना मतदानाला नेलं होतं. मिसेस क्लेग उतरायलाच तयार नव्हत्या, म्हणाल्या, "मला आणखी एक चक्कर मारून आणा, मग देते मत." सगळा रस्ता हसत होता. ऊन असं होतं, की जणू तेही आपल्याच कमिटीनं छापून आणलंय. जोच्या घरातून आता निळं मत निघावं, हे मला नुसतं मत वाटत नाही. जोला दुसऱ्यांदा बाहेर काढल्यासारखं वाटतं. रागावू नकोस. वाटतं ते लिहिलं.

म्हणून एक सुचवतो. पार्लमेंटात एक जुनी रीत आहे, जोनंच तुला सांगितली होती. आपला एखादा खासदार येऊ शकत नसेल, तर पलीकडच्या पक्षाचा एखादा खासदार शब्द देतो, की मग मीही येत नाही. दोघंही घरी बसतात, कुणाचंच पारडं हलत नाही. याला जोडी लावणं म्हणतात. कागद नाही, साक्षीदार नाही, नुसता शब्द. आपण दोघं एकाच मतदारसंघातले. तू जाऊ नकोस, मीही जात नाही.

एकवीस वर्षांचा झाल्यापासून मी एकही मत चुकवलेलं नाही, हे तुला माहीत आहे.

ॲम्ब्रोज

*

मॉसरिग,
ईस्टर सोमवार, १६ एप्रिल

ॲम्ब्रोज,

तू? मत देणार नाहीस? तू एक वेळ विजारीशिवाय चर्चला जाशील. लग्नाच्या दिवशी तापानं फणफणलेला असताना नगरपालिकेच्या पोटनिवडणुकीला गेला होतास, आणि मेबल बिचारी फुलं हातात धरून ताटकळली होती. पुढे तीही वारली, तुझी वाट बघता बघताच.

मी दोन दिवस हसले. मग हसू थांबलं, कारण तू खरंच लिहिलंयस हे लक्षात आलं.

बरं. जोडी लावली. अटी ऐक. एक, हे कुणाला सांगायचं नाही, तुझ्या कमिटीला तर नाहीच. मला गल्लीत पुढारी व्हायचं नाही. दुसरं, त्या दिवसापर्यंत मॉसरिगला पाय टाकायचा नाही, पिशवी घेऊन नाही आणि रिकाम्या हातानं तर नाहीच. तू समोर आलास की मी विरघळेन असं तुला वाटतं, आणि तसं होऊ शकतं, म्हणून. आणि पत्रात ऊन, टिटव्या वगैरे जरा बेतानं. मी रडायचं ठरवलेलं नाही.

मिसेस फर्नली काल केक घेऊन आल्या होत्या. चांगली बाई आहे. केक मात्र असा कोरडा, की तीन कप चहा लागला. तीन कप संपेपर्यंत त्या बोलत होत्या की, देशाला आता शिस्त लागणार. मी विचारलं, "कुणाला?" त्या म्हणाल्या, "तुम्हांला नव्हे हो, त्या खड्डे खणणाऱ्यांना." त्या गेल्यावर उगाच खूप वेळ कप विसळत बसले.

तू गळ्याभोवती काही गुंडाळतोस का? खोकला असेलच तुला, दर वसंतात असतो.

हिल्डा

*

आल्डरक्लफ,
२५ एप्रिल

प्रिय हिल्डा,

जोडी लागली, आभार. गंमत बघ, शब्द दिल्यापासून शाळेच्या फाटकासमोरून जाताना मान वर करवत नाही. चोरी करायची ठरवली की घरमालकाचं कुत्रं आधीच भुंकतंय असं वाटावं, तसं.

तुझ्या अटी पाळतो आहे. ऊन पडलं होतं, एवढंच लिहितो. कसं होतं ते लिहीत नाही.

सोमवारी सहकारी भांडाराच्या सभागृहात सभा झाली. आपले खासदार डगडेल आले होते. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण सभा तशी बरी झाली. लंडनहून छापून आलेलं भाषण होतं, ते त्यांनी न अडखळता वाचलं. माणूस वाईट नाही. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा निवडून आला, तेव्हा रस्त्यात उभा राहून लोकांशी बोलायचा. मग हळूहळू घाईत असायला लागला, आणि आता तर उभा असतानाही घाईत असल्यासारखा दिसतो.

माझ्या छातीत जरा कफ आहे, तू म्हणालीस तसाच. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून पिशवी मी बार्बरा टॉमलिन्सनकडे दिली आहे. तरुण मुलगी आहे, पाय मजबूत आहेत. मी घरी बसून जुनी पाठ्यपुस्तकं चाळतो. कोपऱ्यांत मुलांनी चित्रं काढलेली सापडतात. एकात माझंच चित्र आहे, नाक गाजराएवढं, खाली लिहिलंय, 'मास्तर मत मागतात.' कुणी काढलं असेल कोण जाणे. आता तो पोरगा पन्नाशीचा असेल आणि माझ्या तोंडावर दार लावत असेल.

जपून राहा.

ॲम्ब्रोज

*

मॉसरिग,
२८ एप्रिल

छातीत कफ म्हणे!

ॲम्ब्रोज होल्गेट, तू लहानपणीही खोटं बोलताना आधी डॉक्टरांचं नाव घ्यायचास.

काल सिरिल दूधवाला आला. तो त्या सभेला होता. दूध ठेवायचं सोडून माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून त्यानं सगळं नाटक करून दाखवलं. बाटली हातात, तू झालेला. म्हणाला, "मास्तर मधल्या रांगेतून उठले. म्हणाले, 'मिस्टर डगडेल, प्रश्न एकच आहे. जानेवारीत ज्यांची माणसं पुरायची राहिली, त्यांच्या दारात जाऊन चुकलं एवढं म्हणायला कोण जाणार? तुम्ही की मी?' डगडेल म्हणाला, 'मित्रा, ही मागे वळून बघायची वेळ नाही.' त्यावर मास्तर म्हणाले, 'ती बाई मागे बघत नाहीये. ती दाराकडे बघतेय.'"

मग म्हणे पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "बसा खाली, मास्तर! निळ्यांच्यात चहा प्यालात काय?" आणि सभा संपल्यावर अध्यक्षांनी तुला बाजूला घेऊन पिशवी मागितली. तू ती काढून दिलीस. पट्टा केसांत अडकला म्हणून बार्बरानं सोडवला. सिरिल म्हणाला, "ती पोरगी रडत होती, मास्तर नव्हते रडत." मला ते खरं वाटत नाही.

हे तू मला का लिहिलं नाहीस? 'सभा तशी बरी झाली'! आपलंच पत्र वाचताना तुला हसू आलं नाही?

तू ते मला हॅट गुडघ्यावर ठेवून बसला होतास तेव्हा का नाही बोललास, हे विचारणार होते. विचारत नाही. त्या दिवशी मीही तुला चहा विचारला नव्हता.

तुला वाटतं मला सरकार पाडायचं होतं. मला सरकारशी काय करायचंय? मला सगळा जानेवारी वाटत होतं की आज कुणीतरी येईल. कमिटीतलं, पालिकेतलं, लंडनचं, कुणीही. आत येऊन बसेल आणि म्हणेल, "मिसेस रॅम्सडेन, हे असं व्हायला नको होतं." जोनं ज्यांच्यासाठी चाळीस वर्षं जिने चढून पत्रकं वाटली, त्यांच्यापैकी एकानं. पुढचं काही नको होतं. मी त्याला म्हटलंही असतं की, अहो, त्या लोकांचे पगार बघा, त्यांनाही पोरंबाळं आहेत. मी स्वतःच म्हटलं असतं! पण आधी कुणी यायला तर हवं.

जोडी लागलेली आहे ती आहे. शब्द म्हणजे शब्द. तू माझ्यासाठी मोडू नकोस, मी तुझ्यासाठी मोडणार नाही.

सिरिलच्या हाती खोकल्याचं औषध पाठवते आहे. कफ नसला तरी घे.

हिल्डा

*

आल्डरक्लफ,
शुक्रवार, ४ मे

हिल्डे,

हरलो. देशात हरलो आणि इथेही. डगडेल सातशेच्या वर मतांनी पडले. म्हणजे तुझ्यामाझ्या दोन मतांनी काही इकडचं तिकडे झालं नसतं. रात्रीपासून हाच हिशेब करून स्वतःला समजावतो आहे, आणि दर वेळी कळतं की मला तो नकोच आहे. हरलो याचं वाईट वाटतंच. पण हरताना मी त्यांच्यात नव्हतो, याचं जास्त वाटतं. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर जिंकलो, त्यांच्याबरोबर निदान हरायला तरी हवं होतं.

कालचा दिवस सांगतो. सकाळी दाढी केली, कोट घातला, आणि मग आठवलं की कुठे जायचं नाही. पुन्हा कोट काढला. खिडकीतून शाळा दिसतेच. फाटकाशी बार्बरा बसली होती लाल फीत लावून, येणाऱ्याजाणाऱ्याचा मतदार क्रमांक विचारून लिहून घेत. शेजारी निळ्यांची एक बाई, तेच काम करणारी. दोघी एकाच डब्यातली बिस्किटं खात होत्या. पाऊस आला तेव्हा एकाच छत्रीखाली बसल्या. मला वाटलं, हे चित्र वर्गात लावायला हवं होतं, कवितांच्या शेजारी.

यंदा झाकणं वाजली नाहीत. आता पोरं ते करत नाहीत.

संध्याकाळी, अपेक्षा होती तेच झालं. आपल्यापैकी ज्यांचं मत अजून पडलेलं नाही, त्यांच्या दारात कमिटीचा माणूस जातो. आयुष्यभर तो माणूस मीच होतो. काल दार वाजलं तर बाहेर पक्षाचा तरुण एजंट, धापा टाकत. मी दार अर्धंच उघडलं.

"मास्तर, यादीत तुमचं नाव अजून तसंच आहे! काहीतरी घोळ झालाय ना?"

"घोळ नाही रे."

"मग चला. गाडी आणलीय."

"शाळा समोर आहे. गाडी कशाला?"

"मग चालत चला."

"पाय दुखतो."

"उचलून नेतो!"

त्यानं खरंच हात पुढे केले, हिल्डा. मी दार लावून घेतलं. लावताना त्याचा चेहरा दिसला. रागाचा नव्हता. मी आजवर शेकडो दारांसमोर उभा राहिलो, दारं लागताना पाहिली, पण आतून लावताना कसं वाटतं ते कधी कळलं नव्हतं. तुम्हांला हवं ते मी देऊ शकत नाही, आणि का ते सांगूही शकत नाही. एवढंच असतं आत. आम्ही बाहेर उभे राहून त्याला काय काय नावं ठेवत होतो!

दिवे लागले, मग शाळेतले दिवे मालवले. पेट्या नेल्या. मी आपलं एकवीस वर्षांचा असतानाचं पहिलं मत आठवत बसलो. वडील बरोबर होते. आत जाण्यापूर्वी त्यांनी टोपी काढली होती, चर्चमध्ये जाताना काढतात तशी.

आता एक भीती वाटते ती लिहून टाकतो. निवडणूक संपली, जोडी सुटली. महिनाभर तू मला पत्रं लिहिलीस, शिव्या दिल्यास, औषध पाठवलंस. आता कारण उरलं नाही. फलक परत पाठवलास तशी तू पुन्हा गप्प होशील का? सरकारं येतात जातात, हे पोरांना शिकवताना मी किती सहज म्हणायचो. माझी बहीण एकच आहे.

तुझा,
ॲम्ब्रोज

*

मॉसरिग,
शनिवार, ५ मे

ॲम्ब्रोज,

तुझं पत्र आत्ता सकाळच्या टपालानं आलं. लगेच लिहायला बसले आहे, नाहीतर चार दिवस मनातल्या मनात उत्तरं देशील, माझी आणि तुझीही.

आधी हे ऐक, आणि खुर्चीत बसून ऐक. गुरुवारी मिसेस फर्नलींची गाडी आली होती. निळी फीत लावलेली, ड्रायव्हर टोपीवाला. मी सांगितलं, कंबर धरली आहे. तुझा पाय, माझी कंबर. होल्गेटांच्या घरात दुखणी कशी वेळेवर येतात!

पण जोडी नसती तरी मी गेले नसते. गेले असते तरी त्या नावासमोर फुली मारायला माझा हात उठला नसता. हे मला पाच एप्रिललाच माहीत होतं, तुला ते पत्र लिहिताना. मला तुला दुखवायचं होतं, आणि तुझ्यापाशी पोचणारी तेवढी एकच गोष्ट मला ठाऊक होती. तू मला गच्च धरून विनवशील, भांडशील असं वाटलं. तू तर आपलं मतच काढून पुढे ठेवलंस. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. सांगायला गेले की हसू येई, आणि मग तो सभेचा प्रकार कळला, आणि मग सांगायची लाज वाटायला लागली. तेव्हा तुझं एक मत मी उगाच बुडवलं. नुसतं तुझं. माझ्या बाजूनं पारड्यात टाकायला काही नव्हतंच. तुझ्या त्या पार्लमेंटात याला काय म्हणतात?

हे वाईट झालं, ॲम्ब्रोज. सातशेनं हरलो काय आणि सात हजारांनी काय, तुला त्या दिवशी टोपी काढून आत जाऊ द्यायला हवं होतं.

आणि लंडनची ती बाई पंतप्रधान झाली, तर मला आनंद व्हावा ना? रेडिओवर ऐकलं आणि जोच्या खुर्चीकडे बघायचं टाळलं. शिक्षा करायला निघालेले आम्ही सगळे. आता शिक्षा कुणाला होते ते बघत बसायचं. त्या खड्डे खणणाऱ्यांचे पगार तर आता कोण वाढवणार आहे?

उद्या रविवार. दहाची बस मॉसरिगला अकराच्या आत पोचते. वर येताना चढावर थांबत थांबत ये, आणि टिटव्यांबद्दल काय बोलायचं असेल ते एकदाचं बोलून टाक. आल्यावर मी तुला आधी चहा

थांब. फाटकाशी कुणीतरी आहे.

माणूस आहे एक. बसनं आलेला दिसतो, बुटांना चिखल आहे. कडी कशी निघते ते त्याला समजत नाहीये, उचलायच्या ऐवजी ढकलतो आहे. फीत नाही, कागद नाहीत, बरोबर कुणी नाही. आत्ता मान वर केली.

डगडेल आहे, ॲम्ब्रोज.

आपला. परवापर्यंतचा. सभांमध्ये इतका उंच वाटायचा, फाटकापलीकडे उभा आहे तर जोएवढाच आहे. निघाली कडी. वाटेवर आला, मध्येच थांबला, आता माझ्या फुलझाडांकडे बघतोय. बघत कसला, शब्द जुळवतोय. हॅट काढली.

आता तो खासदार नाही. माझं त्याला काहीएक नको आहे, माझ्याकडे द्यायलाही काही उरलेलं नाही. तरी आलाय.

दार वाजवलं. उघडते.